खोटा गोबरा

हे घडलं ते २०४४ साल होतं. तोंडवळीच्या किनाऱ्यावर तेव्हा एकच रापण उरली होती. रापण म्हणजे सगळ्या गावानं मिळून किनाऱ्यावरून ओढायचं लांबच लांब जाळं. त्या रापणीचे तांडेल, म्हणजे म्होरके, भिकाजी तारी अंगणात बसून जाळं सांधत होते. ओट्यावर त्यांची मुलगी वैजयंती पडद्याला डोळे लावून बसली होती. समुद्रतळाचं थेट चित्र त्यावर दिसत होतं.

"गो बाय, ह्यो गोबरो असो खुळ्यासारखो मान कित्याक हलयता?" भिकाजींनी विचारलं.

"वामीक शिकारीक बोलयता, आबा."

"मगे ती येना नाय?"

"आता येना नाय," वैजयंती म्हणाली.

वैजयंतीनं उभा जन्म या दोन माशांच्या मागे घालवला होता. गोबरा मोकळ्या पाण्यातला शिकारी. मासा कपारीत शिरला की त्याचा इलाज संपतो. खडकातली वाम सापासारखी सडपातळ, तिला कपारी घरच्यासारख्या. म्हणून गोबरा वामीच्या दाराशी जातो, मान थरथरवतो आणि दोघं मिळून निघतात. सावज नेमकं कुठल्या भोकात आहे, हे गोबरा डोकं खाली, शेपूट वर करून दाखवतो. आत सापडलं तर वामीचं, बाहेर पळालं तर गोबऱ्याचं. त्या खाणाखुणांत आजवर कुणी खोटं बोललं नव्हतं.

अभ्यासासाठी तिनं एक यंत्रमासा घडवला होता, हुबेहूब गोबरा. त्यानं पहिल्यांदा मान हलवली आणि वाम बाहेर आली, तेव्हा होडीत उभ्या उभ्या ती एवढ्यानं ओरडली, की भिकाजींच्या हातातलं वल्हं पाण्यात पडलं होतं.

पैसा मात्र ती नोकरीला होती त्या कंपनीचा होता. एकदा डागडुजीसाठी म्हणून कंपनीनं मासा नेला आणि त्याच्या पोटात शोषनळी बसवून परत समुद्रात सोडला. मान हलवायची, वाम आली की तिला पोटात ओढून घ्यायचं. परदेशात वामींना मागणी होती. वैजयंतीला हे कळेपर्यंत अर्धे खडक ओस पडले होते. उरलेल्या वामी आता खऱ्या गोबऱ्यालाही दार उघडत नव्हत्या. खरे गोबरे वाळत चालले होते, तरी मान हलवत राहिले होते.

त्याच दुपारी कंपनीचे पोंक्षे आले. चहा झाला.

"वैजयंतीताई, मान हलवून आता भागत नाही," ते म्हणाले. "ती डोकं खाली करण्याची खूण यंत्रात घाला. त्यातली कल्ल्याजवळच्या परांची लय तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही."

"आणि कुणाला कळणारही नाही."

"अहो, मासेच आहेत ते! तुमचे वडील काय मासे पुजतात?"

"रे झिला," भिकाजी जाळ्यातून मान वर न करता म्हणाले, "आमी मारतंव, खातंव. पण रापणीच्या दोरयेक ज्येनी हात लावल्यान, तेका वाटो. तू बोलयतंस शिकारीक आणि बोलयलल्याकच खातंस! खयचो रे तू?"

पोंक्षे हसले. "यंत्र कंपनीचं आहे. उद्या माणसं पाठवतो. खूण द्या, नाहीतर नोकरी सोडा."

ते गेल्यावर वैजयंतीनं पडदा बंद केला. मग तिनं विचारलं, "आबा, काकान रापणीतलो लोकांचो वाटो खाल्ल्यान, त्या वर्साक काय झाला होता?"

"दोरयेक हात लावूक कुत्रो नाय इलो. हंगामभर घरच्यांनीच ओढल्यांनी आणि मासळी लोकांच्या दारात नेऊन घातल्यांनी. नुसत्या तोंडान सांगून कोण इश्वास ठेवता?"

वैजयंती उठली. दोघांनी होडी समुद्रात घातली आणि यंत्रमासा आत ओढून घेतला. तिनं पाना घेऊन त्याचं पोट उघडलं आणि शोषनळी उपसून काढली. मग पोंक्ष्यांना हवी होती ती खूण तिनं खरोखरच त्याला शिकवली, पण एक अट घालून: सावज दाखवायचं, मागे सरायचं, काही घ्यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी पोंक्षे पोलीस घेऊन आले.

"मासा कुठं आहे?"

"कामावर गेलाय," वैजयंती म्हणाली.

"ही चोरी आहे!"

"असेल. लिहून घ्या. नाव वैजयंती भिकाजी तारी. पाण्यात उतरून धरता येत असेल तर धरा."

तो हंगामभर खोटा गोबरा दारोदार हिंडत राहिला. मान हलवी, भोक दाखवी, मागे सरे. वामी हलत नव्हत्या. हंगाम सरता सरता एका कपारीतून वामीचं पिवळसर तोंड बाहेर आलं, खोट्या गोबऱ्यानं दाखवलेलं सावज टिपलं आणि पुन्हा आत गेलं. वैजयंती या वेळी ओरडली नाही. तिनं आबांचा हात घट्ट धरला.

पुढं भिकाजी पिकल्या वयात गेले. त्यांच्या रापणीत आजही वाटा चुकत नाही. पोंक्षे दुसऱ्या कंपनीत मोठे झाले आणि आता पक्ष्यांच्या हाका गोळा करतात म्हणे. वैजयंतीची नोकरी गेली, खटला वर्षानुवर्षं चालला. ती कोर्टात जाई, तारीख घेऊन येई आणि होडी काढी. परांची ती लय तिनं कुणालाही सांगितली नाही.

यंत्रमाशाची शक्ती संपली, तो तळाशी पडला. आता त्याच्या रिकाम्या पोटात एक वाम राहते. खरे गोबरे त्या दाराशी येऊन मान हलवतात. कधी ती बाहेर येते, कधी नुसती बघत राहते.

एकदा खोटं बोलल्या गेलेल्या भाषेत किती पिढ्या खरं बोललं, की तिच्यावर पुन्हा विश्वास बसतो?