दोन तोंडांची गाडी

विमानाला उशीर आहे असं फलकावर लागलं, तेव्हा काकांनी गाडी पार्किंगच्या टोकाला नेऊन निवांत उभी केली. आत्याला घ्यायला तिघं आले होते: काका, त्यांची पुतणी आणि तिचा धाकटा भाऊ. दोघं कॉलेजातली घोडी, पण काचेला नाक लावून बसली होती.

"ती बघ! सामान ओढणारी! मागे डब्यांची शेपटी! माझी!"

"माझी! मी आधी बघितली."

"बघून काय उपयोग? आधी म्हटलं कोणी?"

"पुरे," काका म्हणाले. "दिवसा काय हवं ते म्हणा. रात्री, आणि तेही रिकाम्या गाडीला, माझी म्हणू नये."

"का हो काका? भूत बसलेलं असतं?"

"बसलेलं असतं तर परवडलं असतं." काकांनी मागे वळून पाहिलं नाही. "मी परदेशात असताना माझ्या वरच्या मजल्यावर एक कुटुंब राहायचं. त्यातल्या बाईने स्वतः मला सांगितलेली हकीकत आहे. ऐकायची असेल तर मध्ये फिदीफिदी हसायचं नाही."

मागच्या सीटवरची चुळबुळ थांबली. काका सांगू लागले.

ऑक्टोबरमधला शेवटचा शनिवार. त्या देशात त्या रात्री घड्याळं तासभर मागे घेतात. दोन वाजले की पुन्हा एक वाजतो. तिच्या सात वर्षांच्या लेकीला संध्याकाळपासून ताप होता आणि औषधाची बाटली नेमकी तेव्हाच संपली.

"सकाळी आणू," नवरा पांघरुणातून म्हणाला.

"सकाळपर्यंत वाढला तर?"

"नाही वाढत. तू उगाच घाबरतेस. जातेच आहेस तर तुझ्या घाबरण्यावर काही मिळतं का तेही विचार."

न बोलायची तिला चांगली सवय झाली होती. लग्नाआधी ती कॉलेजात गणित शिकवायची. नवरा पुलांची कामं करणारा इंजिनिअर. एक पूल उभा राहिला की बाडबिस्तरा उचलून पुढचा देश. लेकीने आतापर्यंत तीन देश पाहिले होते. आईने तीन देशांतली स्वयंपाकघरं.

सुट्टीच्या दिवशी मात्र तिघं मोटारीने भटकायची, आणि तेव्हा बापलेकीचा खेळ रंगायचा. रस्त्यावर काही जगावेगळं वाहन दिसलं की जो आधी "माझी" म्हणेल त्याचं ते. तीन चाकांची दुधाची गाडी. पोटात लवणारी लांबलचक बस. गोल ब्रशांनी रस्ता घासत जाणारं यंत्र. ट्रकवर ट्रक, त्याच्यावर आणखी एक ट्रक. एकदा तर तळ्यातून सरळ रस्त्यावर चढून आलेली, पाणी गाळत जाणारी मोटार. ती लेकीने पटकावली आणि आठवडाभर शाळेत मिरवली.

देवाणघेवाणीचीही सोय होती. दुसऱ्याने "दे" म्हणायचं, आपण "दिली" म्हणायचं. दिलेली गाडी परत मागायची नाही. बापाने लेकीला वाढदिवसाला एक रोड रोलर असाच दिला होता. फुकटात.

आई या सगळ्यात मागच्या सीटवर. मांडीवर उलटीची पिशवी, हातात सोललेलं सफरचंद, खांद्याला ओले रुमाल. मान वर करेपर्यंत गाडी निघून गेलेली.

"आईच्या किती?" बाप आरशातून विचारायचा.

"आईच्या शून्य!" लेक ओरडायची.

दोघं हसायची. तीही हसायची. गणिताच्या बाईंना शून्य मिळालं म्हणजे गंमतच की.

तर त्या रात्री तिने कोट चढवला, लेकीच्या कपाळाला हात लावला, गॅस बंद आहे ना ते बघितलं, जिना उतरली, पुन्हा वर जाऊन गॅस बघितला आणि निघाली. औषधाचं दुकान फार लांब नव्हतं. रात्री दार बंद असायचं, खिडकीतून बाटली द्यायचे. झोपाळू पोरगा होता, त्याने दिली. ती बाटली खिशात मुठीत धरून ती परत फिरली. वर्षभरात फुकट मिळणारा एकुलता एक तास, तो रांगेत गेला नाही हेच नशीब, असं मनाशी म्हणत.

टायरच्या दुकानासमोर ती गाडी उभी होती.

जाताना नव्हती. किंवा असेल, तिने पाहिली नसेल. राखेच्या रंगाची, बुटकी, लांब. एका अंगाला तीन चाकं. ती जवळ आली तेव्हा लक्षात आलं की गाडीला मागची बाजूच नाही. इकडूनही तोंड, तिकडूनही तोंड. दोन्हीकडे दिवे, दोन्हीकडे काच. कुठल्याही दिशेला गेली तरी पुढेच जाणार.

आत एकच सीट. त्यावर पांढरी स्वच्छ खोळ. चालकाची जागा काही दिसेना.

तिला हसू आलं. खरंच आलं. इतक्या देशांत, इतक्या रस्त्यांवर, पहिल्यांदा तिने काहीतरी आधी पाहिलं होतं आणि बाजूला हरवणारं कुणी नव्हतं.

"माझी," ती हळूच म्हणाली.

मग तिला वाटलं, पुटपुटलेलं धरत नाहीत. नियम म्हणजे नियम. म्हणून मोठ्याने म्हणाली, "माझी!"

गाडीच्या आतला दिवा लागला.

पांढऱ्या खोळीच्या मधोमध खळगा होता. कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखा. ती बघत होती... आणि तो खळगा हळूहळू भरून वर आला. सीट सपाट झाली. रिकामी झाली.

ती धावली नाही. धावलं की भीती खरी होते, असा तिचा हिशोब. सरळ चालत घरी आली, औषध दिलं, लेकीजवळ बसली. ताप उतरू लागला तसं धैर्यही परत आलं. तिने सगळं सांगितलं. चढवून, रंगवून सांगितलं. फक्त तो खळगा गाळला.

"दोन तोंडं?" लेक उठून बसली. "आई, तुझी पहिली! बाबा, ऐकलंत? आईची एक झाली!"

"फोटो काढलास?" नवरा पलीकडच्या खोलीतून.

"नाही."

"मग कसली गाडी? मीही सांगेन, मी पंखांची बस बघितली." कूस बदलल्याचा आवाज आला. "शून्य ते शून्यच."

तिने दिवा मालवला.

थोड्या वेळाने खाली रस्त्यावर इंजिनाची घरघर ऐकू आली. येणारी गाडी लांबून जवळ येते, तशी नाही आली. एकदम दाराशीच सुरू झाली.

हॉर्न वाजला. एकदाच. शांतपणे... ओळखीचं माणूस वाजवतं तसा.

"आई, कुठे चाललीस?"

ती दचकली. ती उभी होती. अंगात कोट होता. कोट कधी घातला, तिला आठवेना.

"कुठे नाही, राणी. झोप."

पुन्हा हॉर्न.

आता ती जिन्याच्या दाराशी. हातात कडी. पायात चपला... त्याही कुणी घातल्या कोण जाणे. तिने कडी सोडायचा प्रयत्न केला. बोटं उघडेनात. एकेक बोट दुसऱ्या हाताने उचकटून काढावं लागलं.

लेक खिडकीत गेली होती. काचेवर दोन्ही हात.

"आई... किती छान आहे गं! दार उघडलंय तिने. आई, मला दे ना."

आईने झेप घेऊन तिचं तोंड दाबलं.

"असं म्हणायचं नाही!"

"पण मी म्हटलं की," पोर बोटांमधून म्हणाली. "मी दे म्हटलं. आता तू फक्त—"

आता आईने एकच शब्द म्हणायचा राहिला होता. आणि तो शब्द येत होता. तिला कळत होतं. जीभ आपोआप दातांना जाऊन टेकली होती... तिने ती चावली. जोरात. तोंडात रक्ताची चव आली तरी सोडली नाही.

तिसऱ्यांदा हॉर्न वाजला आणि नवरा खोलीतून बाहेर आला. डोळे चोळत, वैतागून.

"काय तमाशा लावलाय? पोरीला बरं नाही ना?"

"खाली..." तिला धड बोलता येईना. "ती गाडी. मला न्यायला आलीय."

त्याने खिडकीतून खाली पाहिलं. "कुठलीतरी भाड्याची गाडी आहे. पत्ता चुकलाय." मग तो तिच्याकडे वळला. "तुझं सारखं काही ना काही असतंच. त्या देशात थंडी, या देशात एकटेपणा. तिथे भाषा, इथे शेजार. आयुष्यात एक गाडी काय बघितलीस, तिचंही रडगाणं! दे. दे ती गाडी मला. हाकलून येतो."



खाली इंजिनाचा आवाज थांबला. ऐकायला थांबला असावा तसा.

तिने लेकीकडे पाहिलं. नवऱ्याकडे पाहिलं. तो उभा होता, कमरेवर हात ठेवून... आरशातून हसायचा तसा ओठांच्या एका कोपऱ्यातून हसत.

"पुन्हा म्हण," ती म्हणाली.

"दे म्हटलं ना!"

"दिली."

त्याचे हात कमरेवरून खाली आले. चेहरा एकदम निवला. झोपेच्या कपड्यांवरच त्याने बूट घातले, नाड्या नीट बांधल्या. लेकीने "बाबा" म्हणून हाक मारली. त्याने पाहिलं नाही.

"तो जिना उतरत गेला, ते मी ऐकलंय," काका मध्येच म्हणाले. पार्किंगमध्ये कुणाच्या तरी गाडीचे दिवे त्यांच्या चेहऱ्यावरून सरकून गेले. "माझ्या दारावरून गेला. घाई नाही, काही नाही. कामावर निघालेल्या माणसासारखा."

"मग?" पुतण्याने विचारलं.

मग दार लागल्याचा आवाज. मऊ, जाड.

ती खिडकीशी गेली. आतला दिवा लागलेला होता. पांढऱ्या खोळीवर तो बसला होता, हात मांडीवर, समोर बघत. तिने काचेवर थाप मारली. पुन्हा मारली. मान वर झाली नाही.

गाडी निघाली. वळली नाही. वळायची तिला गरजच नव्हती.

पुढे जे व्हायचं ते झालं. पोलीस आले, चहा पिऊन गेले. मोठा माणूस, आपल्या पायांनी गेला, घरी भांडण झालं होतं असं बाई स्वतःच सांगते. अशी माणसं जातात म्हणे. पुलाच्या कामावर आठवड्यात दुसरा इंजिनिअर आला. नातेवाइकांत कुजबुज झाली, तिकडचीच कुणी गाठली असेल. सासूचा फोन आला. रडून झाल्यावर सासू म्हणाली, "माझं पोर असं जाणारं नाही. तूच काहीतरी बोलली असशील त्याला."

"हो, आई," ती म्हणाली. "एकच शब्द बोलले."

सासूने फोन ठेवला. पुन्हा कधी केला नाही.

"पण काका, तिने पोरीला वाचवलं ना?" पुतणी म्हणाली. "दुसरं काय करणार होती ती?"

"मीही हेच म्हणालो तिला. ती म्हणाली, त्याने एकदा मागितल्यावर पोरीसाठी दिली असती तर प्रश्न नव्हता. मी त्याला पुन्हा म्हणायला लावलं. ते कुणासाठी?"

 कुठेतरी विमान उतरल्याची घरघर झाली आणि विरली.

"लेक मोठी झाली. दुसऱ्या गावी असते. 'माझी' हा शब्द ती कशालाच लावत नाही. स्वतःच्या पिशवीलासुद्धा 'ही पिशवी' म्हणते. आई अजून त्याच घरात. पोरांच्या गणिताच्या शिकवण्या घेते. किती वेळा सांगितलं तिला, बाई, आता परत जा आपल्या माणसांत. हलत नाही."

"का?"

"मीही एकदा चिडून विचारलं. तेव्हा धो धो पाऊस लागला होता. ती मला खाली घेऊन आली आणि दारासमोरचा रस्ता दाखवला."

"काय होतं?"

"काही नव्हतं. सगळा रस्ता वाहत होता. फक्त दारासमोर एक लांब पट्टा कोरडा. एका मोटारीएवढा. धूळ उडेल इतका कोरडा. वर छप्पर नाही, झाड नाही. मी छत्री मिटून काठावरून हात आत धरला..." काकांनी उजवा तळहात मांडीवर पुसला. "एक थेंब पडला नाही हातावर."

मागची दोघं पुढच्या सीटवर वाकली होती.

"म्हटलं, ही काय भानगड आहे? तर ती म्हणाली, काका, नीट बघा. घराच्या बाजूला बघा. मी पाहिलं. त्या पट्ट्याला मधोमध, आमच्या दाराच्या दिशेने, आणखी एक चिंचोळी पट्टी कोरडी होती. हातभर बाहेर आलेली..."

काकांनी हात आडवा धरून दाखवला.

"दार उघडं असल्यासारखी."