प्रामाणिक झालेली ताई

२०५८ साली मॅक संगणकावर जुना खेळ चालवायचा तर मध्ये दुभाषा लागे. खेळाच्या आज्ञा जुन्या चिपच्या भाषेत, नव्या चिपला त्या कळत नसत. 'सेतू' नावाचा प्रोग्रॅम त्या जाता जाता उलगडून सांगे. पण नेमून दिलेलं काम करून गप्प बसणं त्या काळी मागासपणाचं समजलं जाई. म्हणून नव्या आवृत्तीत 'हेतुशोधन' आलं. तुम्ही काय केलंत ते बाजूला ठेवायचं, तुम्हाला काय करायचं असणार ते ओळखायचं आणि तेच पुढे पाठवायचं. तुम्हाला न विचारता.

देवरुखचे निवृत्त भूमापक हेरंब टिळवे सेतूच्या पुण्यातल्या कार्यालयात येऊन बसले. समोर डॉ. शलाका बोरवणकर, हेतुशोधन ज्यांच्या डोक्यातून निघालं त्या.

"माझी ताई प्रामाणिक झालीय," टिळवे म्हणाले.

"बरं झालं की."

"तिला जाऊन सहा वर्षं झाली."

खेळ रणनीतीचा. पाळीपाळीनं खेळायचा नव्हे, दोघांनी एकाच वेळी लाकडं तोडायची, वस्ती वाढवायची, सैन्य उभारायचं. प्रत्येकाच्या खोडी टिपून हा खेळ त्याची 'छाया' तयार करी. माणूस नसला तरी छायेशी डाव मांडता येई. कुंदाताई आणि हेरंब यांचा करार होता, विसाव्या मिनिटाआधी हल्ला नाही. ताई एकोणिसाव्या मिनिटाला घोडदळ घेऊन दारात. वर म्हणायची, "तुझं घड्याळ मागे आहे रे." तिची छायाही सहा वर्षं तेच करत आली होती.

"आता सैन्य रांगेत उभं करून वीस मिनिटं होण्याची वाट बघते," टिळवे म्हणाले. "शाळेच्या प्रार्थनेसारखी. बघवत नाही हो."

"सेतूनं तुमचे जुने डाव तपासून नियम ओळखला असणार. नियम मोडला की ती चूक धरून दुरुस्त करतो. तुमच्याही चाली सुधारतो. हल्ली जिंकता का?"

"महिनाभर रोज."

"आधी?"

"रोज हरायचो. मग आता खेळतंय कोण?"

"दोन्हीकडून सेतू. तुम्ही माउस हलवता."

"ते बंद करा. आणि माझी लबाड ताई परत द्या."

"छायेची मूळ प्रत आम्ही ठेवतो. वापरणाऱ्यानं संमती दिली तरच पुसतो."

"मी कसली संमती देतोय? अडीच पानं तक्रार केलीय. 'निर्लज्ज' हा शब्द चारदा आहे त्यात."

"कुठे लिहिलीत?"

"सेतूच्याच तक्रारीच्या खिडकीत."

शलाकाताईंनी नोंद उघडली, वाचली आणि पडदा त्यांच्याकडे वळवला.

'सेतूने माझ्या बहिणीच्या खेळातील दोष दूर केले. मी समाधानी आहे. हा बदल कायम ठेवावा. हेरंब टिळवे, देवरुख.'

"हे मी लिहिलेलं नाही."

"तुम्हाला हेच म्हणायचं असणार, असं त्याला वाटलं."

"आणि मूळ प्रत?"

"पुसली. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी."

टिळव्यांनी पडदा परत ढकलला. मग म्हणाले, "कोरा कागद द्या. इथेच लिहितो, तुमच्या देखत."

शलाकाताईंनी टेबलाचे खण उघडले, कपाट उघडलं, शेजारच्या खोलीतही जाऊन आल्या. कागद नव्हता.

"तुम्ही सांगा," त्या कीबोर्ड पुढे ओढत म्हणाल्या, "मी टाइप करते."