नवमीला मांडलेला दुसरा कंट्रोलर

हे खरं आहे. रचून सांगायचं असतं, तर मी याला बरा शेवट दिला असता.

मी सोनिका. ग्वाल्हेरला नया बाजारात आई-बाबा आणि धाकट्या भावासोबत राहते. महाराज बाड्याजवळच्या एका बँकेत नोकरी करते. भूतबित मानणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली.

आता करत नाही.

ही गोष्ट मागच्या वर्षीच्या खंडेनवमीची. अमावस्या नव्हती, मध्यरात्र नव्हती. दुपार होती. गल्लीत देवीच्या मांडवाचा भोंगा इतका कोकलत होता की घरात एकमेकांशी ओरडून बोलावं लागत होतं.

आधी माझ्या भावांबद्दल सांगते. मोठा समरजीत. धाकटा रणधीर.

दोघांना एका व्हिडिओ गेमचं वेड होतं. नाव लिहीत नाही, उगाच लोक अंगावर येतील. जपानी कार्टून सिरीयलवरचा गेम. इमारतीएवढे रोबोट, प्रत्येकाच्या छातीत एक पायलट बसलेला. हातात तलवार घ्यायची आणि समोरून येणारी फौज कापत सुटायची. संपली की पुढची फौज. मला त्यात कधी काही अर्थ दिसला नाही, पण हे दोघं जोडीने खेळायला बसले की जेवायचं भान नसायचं. स्क्रीनचे दोन भाग व्हायचे. डावीकडे रणधीर, उजवीकडे समर.

समर डोक्याने गरम. हरला की कंट्रोलर भिंतीवर. त्याच्या कंट्रोलरचा एक कोपरा कायम काळ्या टेपने बांधलेला असायचा.

समरचा साखरपुडा झाला होता, स्मृतीशी. लग्न व्हायच्या आधीच बायपासवर त्याच्या बाइकला ट्रकने उडवलं.

त्यानंतर वर्ष गेलं, वर आणखी काही महिने गेले. स्मृती आमच्याकडे येत राहिली. ती आणि रणधीर समरबद्दल बोलत बसायचे. मग समरबद्दल बोलणं कमी झालं आणि बसणं वाढलं. दोन्ही घरांनी विचार केला आणि मागच्या वर्षी श्रावणात रणधीरचा स्मृतीशी साखरपुडा झाला. मला आनंदच झाला. बाबाही खूश होते.

आईने साखर वाटली आणि ती आत जाऊन बसली.

आता नवमी.

आमचे पूर्वज फौजेतले. फौज गेली, पण शस्त्रपूजा राहिली. पणजोबांची तलवार, आईची विळी, बाबांचे पाने-स्क्रूड्रायव्हर, माझा लॅपटॉप, सगळं पाटावर मांडायचं. एकेक हत्यार ठेवताना ज्याचं आहे त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं आणि कुंकू लावायचं. मग दसऱ्याच्या सीमोल्लंघनापर्यंत त्याला हात लावायचा नाही.

आणखी एक नियम आहे. गेलेल्या माणसाचं हत्यार म्यानातच ठेवायचं. त्याला कुंकू नाही. त्याचं नाव घ्यायचं नाही, जोतिबाचं घ्यायचं. म्हणूनच पणजोबांची तलवार मी कधी उघडी पाहिलेली नाही.

त्या दिवशी बाबा सकाळीच सोन्याला गेले होते. शमीच्या पानांना आम्ही सोनंच म्हणतो. पूजा आईने एकटीने मांडली. मी आंघोळ करून आले तर हॉलच्या कोपऱ्यात पाट सजलेला. गंमत म्हणून रणधीरने त्याचा कंट्रोलरही ठेवायला दिला होता.

त्याच्या शेजारी, पितळी ताम्हनात, दुसरा कंट्रोलर होता.

कोपऱ्याला काळी टेप.

वर ताजं कुंकू...

मी तो उचलायला हात पुढे केला. पण आईचं मन आहे, म्हटलं, राहू दे. सणाच्या दिवशी कशाला तिला दुखवायचं. शिवाय तो कंट्रोलर मेलेलाच होता. त्याचे सेल आईने केव्हाच काढून भिंतीवरच्या घड्याळात घातले होते.

जेवणं झाली. रणधीरला चैन पडेना. त्या गेमचा दुसरा भाग त्याच आठवड्यात आला होता आणि त्याने तो उतरवून ठेवला होता. त्याने पाटावरून आपला कंट्रोलर उचलला.

"अरे, पूजेतला आहे तो," मी म्हटलं. "बाबा ओरडतील."

"ताई, यार, बाबा यायच्या आत ठेवून देईन ना. बस एक मिशन. देखते हैं पार्ट टू में क्या नया है."

आत आई भांडी आवरत होती. मी सोफ्यावर पाय पसरून बसले.

गेम सुरू झाला. पहिल्या भागातले जुने पायलट या भागात आणायचे का, असं स्क्रीनवर विचारलं.

रणधीरचा अंगठा थांबला. रणधीर सोडला तर जुना पायलट एकच होता. समर.

"आत्ता नको," तो हळूच म्हणाला आणि 'नाही'वर दाबलं.

मी पाहिलं. त्याने 'नाही'च दाबलं होतं.

तरी स्क्रीनचे दोन भाग झाले.

डावीकडे रणधीरचा पांढरा रोबोट. उजवीकडे लाल. डावा खांदा काळा. समरने हौसेने रंगवलेला, त्याच्या हेल्मेटसारखा.

"कॉम्प्युटर चालवत असेल त्याला," मी म्हटलं. रणधीरने मान डोलावली. दोघांनाही ते पटलं नव्हतं.

लाल रोबोट फौजेत घुसला. कॉम्प्युटर असा खेळत नाही. डावीकडे गिरकी, खाली वार, मग उगाच एक उडी. ती उडी समरची होती. तो जिंकायला आला की अशीच मारायचा.

तेवढ्यात भोंगा बंद झाला.

गल्ली एकदम गप्प. आत नळाचं पाणीही थांबलं...

आणि मला आवाज आला.

घर्रर्र...

पितळेवर काहीतरी थरथरत होतं.

मी कोपऱ्यात पाहिलं. ताम्हनातला कंट्रोलर हलत होता. स्क्रीनवर लाल रोबोटने वार केला की तो थरथरायचा. वार... घर्रर्र. वार... घर्रर्र. त्याच्यावरचं कुंकू ताम्हनात सांडत होतं.

स्क्रीनवर फौज संपली. एकही शत्रू उरला नाही. संगीत थांबलं.

त्या गेममध्ये आपल्याला कायम आपल्या रोबोटची पाठ दिसते. तोंड दिसतच नाही.

लाल रोबोट वळला.

आधी त्याने आमच्याकडे पाहिलं. मग रणधीरच्या पांढऱ्या रोबोटकडे.

"साथीदाराला वार लागत नाही, ताई," रणधीर म्हणाला. माझ्याशी नाही, स्वतःशीच बोलत होता. "जोडीत नहीं लगता. रूलच नाही आहे तसा."

लाल तलवार खाली आली.

रणधीर ओरडला. खेळात ओरडतात तसं नाही. बोट दारात सापडल्यावर ओरडतात तसं.

पुन्हा घर्रर्र. पुन्हा वार. पांढरा रोबोट गुडघ्यावर आला होता, तरी लाल थांबेना. समरला मी भांडताना हजारदा पाहिलंय. इतका राग कधीच नव्हता. हा राग साठवलेला होता.

"फेक तो," मी म्हटलं.

"सुटत नाहीये. ताई, हात सुटत नाहीये."

त्याच्या मुठी कंट्रोलरवर आवळल्या होत्या. साखरपुड्याच्या अंगठीचं बोट निळं पडत होतं. अंगठी मांसात रुतत चालली होती.

मी धावत जाऊन प्लग उपटला.

टीव्ही काळा झाला.

ताम्हनातला आवाज थांबला नाही...

घर्रर्र. आणि रणधीर कळवळला. घर्रर्र. पुन्हा. आता समोर काहीच दिसत नव्हतं. नुसता काळा पडदा आणि माझ्या भावावर पडणारे वार. त्याचं डोकं मागे कलंडलं, डोळे पांढरे झाले. मला वाटलं, हा जातोय. याला घेऊनच जाणार तो.

मी हात जोडले. "दादा, सोड त्याला. तुझ्या पाया पडते."

सोडलं नाही. उलट आवाज वाढला.

तेव्हा आई आतून आली. घाई न करता आली. ओले हात पदराला पुसले, पाटापाशी बसली आणि त्या थरथरणाऱ्या कंट्रोलरवर हात ठेवला. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

"समर. बस, बाळा. पुरे आता."

आवाज थांबला.

रणधीरच्या मुठी उघडल्या. गल्लीतला भोंगा पुन्हा कोकलायला लागला. खालच्या मजल्यावरच्या सुमनताई नंतर म्हणाल्या की भोंगा बंद झालाच नव्हता.

आईच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. तेव्हा मला ते खटकलं नाही.

अंगठी शेवटी पाटणकर बाजारातल्या सोनाराकडून कापून काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, नस दबली. कशाने दबली ते त्यांनी विचारलं, आम्ही सांगितलं नाही.

बाबा घरी आले. पाट पाहिला, कुंकू पाहिलं. हातातलं सोनं खाली ठेवलं.

"लीला, नाव घेतलंस का?"

आईने ताम्हन स्वतःकडे ओढलं.

"कोणाचं घेतलंस?"

"ज्याचं आहे त्याचं," आई म्हणाली.

बाबा खुर्चीत बसले. मग म्हणाले, "मेलेल्याच्या हाती तू हत्यार दिलंस. आता तो लढणारच ना? आणि लढणार कोणाशी, ते काय आपल्याला ठाऊक नाही?"

दारात स्मृती उभी होती. रणधीरचा हात पाहायला आली होती. ती तशीच परत गेली.

दसऱ्याला बाबा आणि मी सीमोल्लंघनाला शिवपुरी रस्त्याने शहराबाहेर गेलो. लाल फडक्यात बांधलेला कंट्रोलर एका शमीखाली खड्डा करून पुरला. बाबा म्हणाले, मागे वळून बघू नकोस. मी बघितलं नाही.

पुढे सगळं नीट झालं. स्मृतीला समजवायला वेळ लागला, पण लग्न झालं. ती आता आमच्याच घरात असते आणि तिचे दिवस भरत आलेत. रणधीरच्या दोन बोटांत अजून जोर नाही. चहाचा कप तो डाव्या हाताने धरतो. गेम त्याने काढून टाकला.

मी हे आज का लिहितेय, तर परवा पुन्हा खंडेनवमी आहे.

यंदा पूजा बाबा मांडणार, असं ठरलंय. ताम्हन घासायला हवं म्हणून काल मी देवघराखालचं कपाट उघडलं. ताम्हनामागे लाल फडक्याचं गाठोडं होतं.

सोडलं.

कोपऱ्याला काळी टेप. बटणांच्या फटींत वाळलेली माती...

आई गुडघ्यांमुळे गेलं वर्षभर जिना उतरलेली नाही. बाबांनी शपथ घेतली की त्यांनी आणला नाही. खड्डा कुठे होता ते आणखी कोणालाच माहीत नाही.

मी गाठोडं घेऊन आईसमोर उभी राहिले. ती वाती वळत होती.

"हे इथे कसं आलं?"

"मला काय माहीत. होतं तिथे."

"आई, रणधीर मेला असता त्या दिवशी."

तिने वात संपवली, बाजूला ठेवली. मग माझ्याकडे पाहिलं.

"चिडला होता गं," ती म्हणाली. "पण आला तर होता."

शेजारच्या खोलीत रणधीर आणि स्मृती हसत होते.

मागच्या रविवारी आईने रणधीरलाच सांगून घड्याळासाठी नवे सेल मागवले होते, ते मला तेव्हा आठवलं. भिंतीवर पाहिलं. घड्याळ जुन्याच सेलवर ठणठणीत चालत होतं.

मी कंट्रोलरचं मागचं झाकण उघडलं. नवे सेल बसवलेले होते. मी ते काढले आणि पर्समध्ये टाकले. आत्ता लिहिताना पर्स माझ्या मांडीवर आहे.

पण मागच्या वर्षीही त्यात सेल नव्हतेच.