अकरा महिन्यांचे आवाज

सर्व्हिस सेंटरच्या बंद शटरवर तिनं तिसऱ्यांदा हात आपटला, तेव्हा शेजारच्या दुकानातून एक उंच, विस्कटलेल्या केसांचा माणूस बाहेर आला.

"ते आज... उ—उघडणार नाहीत." मग तिनं छातीशी कवटाळलेल्या लॅपटॉपकडे बघत तो म्हणाला, "काय झालं त्याला?"

"मीच वाट लावली त्याची," ती म्हणाली.

दुकान एवढंसं. टेबलभर उघडी मशिनं, आणि काउंटरवर बसलेली त्याची मोठी बहीण. ताईनं तिला स्टूल दिलं, पाणी दिलं. पाणी पिऊन ती सगळं सांगू लागली. ज्यांची वाचा आजारपणात गेली, त्यांना पुन्हा बोलतं करणं हे तिचं काम. लॅपटॉपवर दोन सिस्टिम होत्या. एक रोजची, दुसरी आवाज तपासायच्या प्रोग्रॅमसाठी. आज सकाळी दुसरीची जागा वाढवायला गेली, आणि 'डिस्कची नव्यानं मांडणी करू का?' या प्रश्नाला घाईघाईत 'हो' म्हणून बसली. दोन्ही सिस्टिम गुल! आणि त्यांच्यासोबत तिच्या एका पेशंटची, ड्रायव्हरकाकांची, अकरा महिन्यांची रेकॉर्डिंग्ज... पहिल्या नुसत्या हुंकारापासून परवाच्या "चहात साखर कमी आहे"पर्यंत. उद्या डॉक्टरांची बैठक होती. सुधारणा दाखवता आली नाही, तर काकांचे उपचार बंद.

"दुसरी प्रत?" त्यानं विचारलं.

"आज करू, उद्या करू..." तिनं मान खाली घातली.

"त्यानंतर डिस्कवर काही टा—टाकलंत?"

"नाही. घाबरून बंदच केला."

"शहाण्या आहात."

"आज हे म्हणणारे तुम्ही पहिलेच!"

तो हसला. "डिस्कच्या सुरुवातीला एक छोटा तक्ता असतो. कुठला भाग कुठून कुठपर्यंत, एवढंच त्यात. तो पुसलाय. आतला मा—मा—"

"माल जागेवर आहे!" ताईनं वाक्य पुरं करून टाकलं. तो लॅपटॉपचे स्क्रू काढू लागला.

त्यानं आधी अख्ख्या डिस्कची नक्कल करायला घेतली. मूळ डिस्कला हात लावायचा नाही, जे काय करायचं ते नकलेवर. दोन तास लागणार होते. ताई सासूला दवाखान्यात न्यायला निघून गेली. पंख्याची घरघर तेवढी उरली.

"तुम्ही घ—घ—घ..." तो अडखळला. ती थांबली. संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं नाही, मदतीला शब्द पुढे केला नाही. "...घरी जाऊन या हवं तर."

"नको. इथं बरं वाटतंय."

"माझं वाक्य... पळवलं नाहीत तुम्ही."

"तुमचं होतं ना ते?"

त्याचे कान लाल झाले. "म्हणजे पेशंट समजून वागताय माझ्याशी?"

"पेशंटच्या कानांकडे मी इतकं बघत नाही," ती बोलून गेली आणि मग तिचेच कान तापले.

नक्कल झाली. त्यानं हरवलेल्या भागांचा शोध लावला. पडद्यावर तीन भाग उमटले, पण शेवटचे दोन एकमेकांवर चढलेले.

"यातला एक जुना आहे. पूर्वी कधी ह—हद्द सरकवली होतीत?"

तिनं डोळे मिटले. "हो! रेकॉर्डिंग्ज मावेनात, तेव्हा. चार महिन्यांपूर्वी वाढवली होती."

"मग मोठा तो खरा. पण आधी आत डोकावू."

त्यानं मोठ्या भागाची यादी उघडली. काका-१, काका-२, काका-३... ती ओळीमागून ओळ वाचत गेली. तिचा हात कधी त्याच्या बाहीवर गेला, तिलाही कळलं नाही. त्यानंही आपला हात हलवला नाही. एका हातानंच टाइप करत त्यानं तक्ता नव्यानं लिहिला आणि नकलेची डिस्क लॅपटॉपमध्ये बसवली.

लॅपटॉप सुरू झाला. पडदा काळा... काळाच... आणि मग दोन ओळी झळकल्या. दोन्ही सिस्टिमची नावं, कोणती उघडू म्हणून विचारणारी.

तिनं दुसरी सिस्टिम उघडून एक फाइल लावली. "माझी... गाडी... कुठंय?" काकांचा खरबरीत आवाज दुकानभर पसरला. ती हसता हसता रडू लागली. तो मात्र मान कलती करून ऐकत राहिला, एकेका शब्दासाठी झटणारा तो आवाज.

"पु—पुढचं लावा ना," तो हळूच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बैठकीतून ती थेट दुकानात आली. तो एकटाच होता.

"सहा महिने वाढवून मिळाले!"

त्यानं मोठ्ठा श्वास सोडला, जणू काका त्याचेच सख्खे काका. "सकाळपासून चारदा फोन लावायला घेतला. पण फोन माझा व—वैरी आहे."

"मग लावू नका. मी येत जाईन." ती काउंटरला टेकली. "एक सांगते. तुम्ही मला आवडलात. आहात तसे. मी तुम्हाला शिकवणी लावणार नाही, दुरुस्त करणार नाही."

त्याचे ओठ हलले, पण शब्द अडला. ती वाट बघत राहिली. तिला कसलीच घाई नव्हती.

"मलाही... तुम्ही. क—काल त्या शटरवर हात आपटत होतात ना, तेव्हापासून," तो म्हणाला. "चहा घ्यायचा? बाहेर?"

"दुकान?"

"ताई विचारेल, तेव्हा सां—सांगेन काहीतरी," म्हणत त्यानं भर दुपारी शटर ओढलं आणि कुलूप न लावताच तिच्याबरोबर चालू लागला.