बारकूची जागा

उल्हासनगरच्या फर्निचर बाजारामागील एका छोट्या कार्यालयात जिज्ञासा लोकांची वेबपाने दुरुस्त करीत असे. त्या दुपारचे काम तसे किरकोळ होते. बारवी धरणापलीकडच्या पाड्यावरची नवसी घरचा तांदूळ वेबपानावरून विकत असे. पानाच्या माथ्यावर तिच्या नवऱ्याचे, बारकूचे, छायाचित्र होते. बारकू पंधरवड्यापूर्वी वारला. आता तिथे मुलाचे, प्रेमचे, छायाचित्र हवे होते. नवसीची अट एकच होती: आधी बारकूला उतरवायचे, एक दिवस जागा मोकळी ठेवायची, मगच प्रेमला बसवायचे.

पाड्यावरची ही रीत जुनी. माणूस गेला म्हणून त्याची जागा रिकामी होत नाही. ती रिकामी झालेली त्याला दिसावी लागते, अशी तिच्यामागची धारणा. जिज्ञासाने मान डोलावली खरी. पण दिवसभर बिनचेहऱ्याचे पान पाहून गिऱ्हाईक बिचकेल, असे तिला वाटले. शिवाय तिच्या स्क्रिप्ट लायब्ररीत, म्हणजे तयार कोडच्या संचात, एका ओळीची सोय होतीच: जुना घटक काढून त्याच क्षणी, त्याच जागी नवा. मध्ये श्वासाएवढीही फट नाही. तिने ती ओळ चालवली. बारकू गेला, प्रेम आला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी नवसीचा फोन आला. आवाज दबका. प्रेम कालपासून बापाच्या पाटावर बसतो, आत्ताही तिथेच जेवतो आहे, कधीच्या मेलेल्या बैलाला चारा घातला का म्हणून विचारतो, असे ती सांगत राहिली.

“मला आई नाय म्हनत, बाय... नवसे म्हनतो.”

जिज्ञासाने पटकन ते पान उघडले. तोच नवसीने विचारले,

“जागा मोकळी ठेवलीस ना?”

“नाही, मावशी... चुकलं माझं.”

“मग माझा पोरगा कुठं हाय?”

जिज्ञासाने घाईघाईने प्रेमच्या छायाचित्राची चौकटच पानावरून काढून टाकली. खात्रीसाठी लायब्ररीला विचारले, त्या जागी किती घटक उरले? उत्तर आले: एक. तिने पान पुन्हा उघडले. समोर नुसती पांढरी जागा. उत्तर मात्र तेच.

इतक्यात फोनवर नवसीला रडू फुटले. प्रेम अंगणातून आत आला होता, आई म्हणाला होता, भूक लागली म्हणत होता. जिज्ञासाचा जीव भांड्यात पडला.

“पर बाय...” नवसी कुजबुजली, “प्रेम माझ्याजवळ उभा हाय... मग पाटावर कोन जेवतंय?”