भिंतीपलीकडची पंचवीस मिनिटं

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही.

मार्च २०२३. लोणंद. वेळ भर दुपारची.

माझ्या खालाची, म्हणजे मावशीची, मुलगी समीना तेव्हा सदतीस वर्षांची होती. सरकारी भरतीची वयोमर्यादा संपत आलेली. ही शेवटचीच परीक्षा. रात्री दवाखान्यात नर्सची पाळी, दुपारी अभ्यास. त्यासाठी तिने चांदसाहेब टेलरच्या दुकानावरची खोली घेतली होती.

वाचताना डोळे मिटायचे. म्हणून मोबाईलवर गजर लावायची. पंचवीस मिनिटं वाचन, पाच मिनिटं विश्रांती. कानात हळू आवाजात संतूर.

तिसऱ्या दिवशी गजर झाला. तिने इअरफोन काढले...

शेजारच्या खोलीत खुर्ची सरकली.

पाच मिनिटांनी ती इअरफोन न लावताच पुन्हा वाचायला बसली...

भिंतीपलीकडे पान उलटलं.

तिला बरंच वाटलं. आपल्यासारखंच कुणीतरी रेटतंय.

आठवड्याने तिने खाली विचारलं, "चाचा, शेजारच्या खोलीत अभ्यासाला कोन येतं?"

"कोन येनार? कुलूप हाय की." चांदसाहेबांनी वर येऊन दारच उघडून दाखवलं.

चिंध्यांची गाठोडी. बोटभर धूळ.

खुर्ची नव्हतीच.

"लय जागरन करतीस, पोरी," ते एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिच्या अंगात त्राण नव्हतं. वाचता वाचता मोबाईल बंद पडला. चार्जर दवाखान्यात राहिलेला. तिने इअरफोन काढून टेबलावर ठेवले...

संतूर वाजतच होतं.

भिंतीतून.

पळावंसं वाटलं, पण पाय उचलेनात. नुसत्या भीतीने नाही, थकव्याने. डोकं पुस्तकावर टेकलं.

आणि कानाशी एक बाई बोलली. तीही दमलेलीच...

"नीज गं तू. पुढचं मी वाचते."

जाग आली तेव्हा दिवस कलला होता.

ती झोपली होती चाळिसाव्या पानावर.

गालाखाली पुस्तकाचं शेवटचं पान होतं.

खोली तिने त्याच संध्याकाळी सोडली. त्या पुस्तकाला परत हात लावला नाही.

परीक्षेत मात्र ती एकाही प्रश्नाला अडली नाही.

आज ती मेढ्याला नोकरीत आहे. घरी सगळे खूश. त्या खोलीचं नाव काढलं की ती उठून आत जाते. गेल्या ईदला एकदाच बोलली.

"हजेरीवर रोज माझं नाव लिवते बग... आन् दर खेपेला वाटतं, आपन दुसऱ्या कुनाची तरी सही करतोय."