बाजूला होण्याचं कारण

रुजू झाली त्या दिवशी ती पंधरा मिनिटं लवकर पोचली आणि चुकून पक्षकारांच्या दारातून कोर्टात शिरली. बाकावर टेकली, पिशवी मांडीवर घेतली. शेजारी मित्राची वाट बघत बसलेल्या तरुण वकिलानं तिच्याकडे एकवार पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"पहिल्यांदाच आलात ना? घाबरू नका. इथल्या जज नवीन आहेत म्हणे. नवीन लोक निदान ऐकून तरी घेतात."

"आणि जुने?"

"तेही ऐकतात... पण डोळे मिटून."

तिला हसू आवरेना. तेवढ्यात शिपाई धावत आला. "मॅडम, तुमचं दालन इकडे आहे." वकीलसाहेबांचा चेहरा असा काही उतरला की तिला त्यांची दयाच आली.

त्या वकिलाची कामं शेजारच्या कामगार कोर्टात चालायची, तिच्यासमोर त्याचं एकही प्रकरण नव्हतं. त्यामुळे कॉरिडॉरच्या टोकाला झेरॉक्सच्या मशीनपाशी दोन शब्द बोलायला हरकत नव्हती. हाताशी शिपाई असताना न्यायाधीशांना स्वतः झेरॉक्स काढायची हौस का लागली, हे मात्र कुणी विचारू नये.

"आज किती पानं, मॅडम?"

"तीन."

"कालही तीनच होती."

"तीच आहेत," ती बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. मशीनमधून आलेली गरम पानं त्यानं नीट जुळवली, तिच्या गारठलेल्या हातात ठेवली आणि खाली बघत हसत राहिला. असे चार महिने गेले. ना कुणी काही बोललं, ना कुणी काही विचारलं.

आणि मग स्टिअरिंगमावशींची फाइल तिच्या टेबलावर आली.

मावशी बावीस वर्षं बस चालवत होत्या, त्यावरूनच हे नाव पडलेलं. ब्रेक लागत नसलेली गाडी बाहेर काढायला नकार दिला म्हणून कंपनीनं त्यांना घरी बसवलं. कामगार कोर्टातले आधीचे दोन न्यायाधीश 'वैयक्तिक कारण' एवढंच लिहून प्रकरणातून बाजूला झाले होते, म्हणून ते फिरत फिरत तिच्याकडे आलं होतं. असं प्रकरण आपल्याकडे यावं म्हणून तर ती या खुर्चीपर्यंत पोचली होती. तिनं उत्साहानं पहिलं पान उघडलं. मावशींच्या वकिलाची सही बघितली, आणि ती त्याचीच निघाली.

रविवारी दुपारी तिनं ताईला फोन लावला आणि या प्रकरणातून बाजूला व्हायचं म्हणतेय, असं सांगितलं.

"त्यानं काही विचारलंय का?" ताईनं विचारलं.

"नाही."

"तू काही बोललीस?"

"छे."

"मग तू बाजूला होतेस ती कशासाठी, बाई?"

"ताई, त्याचा युक्तिवाद वाचायला घेतला. पान संपायच्या आत मला तो पटलेला होता. उरलेलं मी नुसतं चाळलं."

ताई म्हणाली, "असं असेल तर ऊठ तिथून. 'वैयक्तिक कारण' लिही आणि मोकळी हो. खरं सांगितलंस आणि त्याच्या मनात तसलं काही नसलं, तर अख्खं कोर्ट वर्षभर हसेल."

ताईचं बरोबर होतं. सोमवारी ती तेच ठरवून आसनावर बसली.

"हे प्रकरण मला चालवता येणार नाही," ती म्हणाली. "लिहा, वैयक्तिक कारणामुळे—"

मागच्या बाकावरून मावशी उठून उभ्या राहिल्या. "तुम्हीपण का, मॅडम?" त्यांचा आवाज शांत होता आणि तेच वाईट होतं. "कंपनीला घाबरून तिसरा माणूस उठला, असंच समजू ना मी?"

टंकलेखकांची बोटं कळांवर थांबलेली. तो समोरच उभा होता, हातात फाइल, आणि नेमका आजच तिच्याकडे बघत नव्हता.

"ते खोडा," ती म्हणाली. "असं लिहा... मी कुणालाही घाबरलेली नाही. वादींच्या वकिलांबद्दल माझ्या मनात प्रेम आहे. त्यांना त्याची कल्पना नाही. म्हणून हा न्याय माझ्या हातून व्हायला नको."

कंपनीच्या म्हाताऱ्या वकिलांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या, पण मान ताठ होती. हसायचं त्यांनी हसावं. इतकं हलकं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

"मॅडम—" तो कसाबसा बोलला. "माझाही एक अर्ज आहे. सकाळीच दिलाय."

कारकुनानं कागद शोधला आणि सवयीच्या सुरात वाचायला घेतला. "वादींचे वकील या प्रकरणातून मोकळं करण्याची विनंती करतात. कारण... न्यायाधीशांना लग्नाचं विचारण्याचा त्यांचा विचार आहे." शेवटच्या शब्दांना त्याचा सूर हुकला.

आता मात्र अख्खं कोर्ट हसलं, म्हातारे वकील सगळ्यांत मोठ्यानं. न हसलेल्या एकट्या मावशी.

"दोघांनी उठायची गरज नाही," त्या म्हणाल्या. "मला वकील हाच पाहिजे. जज दुसरा द्या."

"अर्जावर हुकूम, मॅडम?" कारकुनानं विचारलं.

"मी बाजूला झालेय. मला आता कुठलाच हुकूम काढता येत नाही," ती म्हणाली, आणि त्याच्याकडे बघितलं. "ज्यांचा अर्ज आहे त्यांनीच ठरवावं."

"अर्ज मागे घेतो," तो म्हणाला. आता तो सरळ तिच्याकडेच बघत होता. "कारण मात्र मागे घेत नाही."

ती आसनावरून उठली. न्यायाधीशांच्या दाराकडे न वळता तीन पायऱ्या उतरून समोर आली, सगळ्यांच्या देखत.

"विचारायचा विचार आहे, एवढंच लिहिलंत तुम्ही. विचारलं कुठंय अजून?"

त्यानं विचारलं. आवाज थरथरला, पण शब्द एकही चुकला नाही.

"हो," ती म्हणाली, आणि ते अगदी मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

टंकलेखकांनी मान वर केली. "मॅडम, हे नोंदीत घेऊ का?"

"घ्या," ती म्हणाली. "आणि तारीख नीट घाला."